धाकट्याचं लग्न वेंगुर्ल्याला: एका कुटुंबाचा प्रकरण अभ्यास

लग्न माझ्या धाकट्या भावाचं. आमचं गाव कराडजवळ, कृष्णाकाठचं. मी लग्न होऊन कोल्हापुरात, भाऊ नोकरीसाठी पुण्यात. त्याची होणारी बायको डोंबिवलीत वाढली, पण तिचं आजोळ वेंगुर्ल्याजवळ, अगदी किनाऱ्याला लागून. लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या तिने तिथे काढलेल्या. दोघांनी आपसात ठरवलं की लग्न तिथेच करायचं. तुळशीची लग्नं लागली की त्यानंतरच्या आठवड्यात. पाऊस गेलेला असतो, हवा उघडते, समुद्र निवळतो. दोन्हीकडची मिळून शंभर-सव्वाशे माणसं, दोन रात्री मुक्काम, सगळे एकत्र.

आमच्याकडे गावात लग्न झालं असतं तर भावकी, गावकी, पाहुणे धरून हजार पानं सहज उठली असती.

अशा लग्नांबद्दल बोलणं नेहमी खर्चावर येऊन थांबतं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. आमच्याकडे खर्चाचा प्रश्न त्या मानाने लवकर सुटला. अडलं ते दुसरीकडे. एवढ्या लांब मांडव घातला की कोण येणार हे यादी ठरवत नाही, अंतर ठरवतं. कुणाचे गुडघे, कुणाची दुभती म्हैस, कुणाची संपलेली रजा, कुणाचा तोडीला आलेला ऊस. आणि ज्याला येता येत नाही त्याला वाटतं, आपल्याला वगळलं. माझं ठाम मत झालं आहे की लांबच्या लग्नाची आखणी न येणाऱ्यांपासून सुरू करायला हवी. त्यांच्या हाती लग्नातलं काहीतरी खरंखुरं सोपवायला हवं. मोबाइलवर थेट प्रक्षेपणाची लिंक पाठवून ते होत नाही.

तारीख

आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मास, त्यात आमच्याकडे मुहूर्त धरत नाहीत. द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत तुळशीची लग्नं, आणि मग माणसांची. गुरुजींनी कार्तिक वद्य पंचमीचा गोरज मुहूर्त काढून दिला. समुद्रावर सूर्य बुडताना अंतरपाट दूर होणार, म्हणून भाऊ आणि ती दोघंही खूश.

पण पंचांगातली चांगली तारीख बाकीच्या आयुष्यात कुठे येते ते कुणीतरी बसून बघायला लागतं. ते मी बघितलं. दिवाळी होऊन तीन आठवडेही झालेले नसतात. नोकरदारांची रजा दिवाळीतच संपलेली, शाळा नुकत्या उघडलेल्या. कोकणात भातकापणी आणि झोडणी उरकत आलेली असते, गावोगावच्या जत्रा आणि दशावतार सुरू होतात, म्हणजे तिथल्या पाहुण्यांनाही घर सोडवत नाही. आणि आमच्याकडे नोव्हेंबरच्या सुरुवातीला साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झालेला असतो. ऊसतोड कधी मिळेल हे शेतकऱ्याच्या हातात नसतं. कारखान्याचा तोडीच्या चिठ्ठ्या देणारा चिटबॉय सांगेल त्या दिवशी टोळी फडात येते, आणि त्या दिवशी मालक फडावर नसेल तर पाळी मागे जाते. काकांचा अडसाली ऊस नेमका पहिल्या पाळीत होता.

तिकिटांचीही एक गंमतशीर अडचण आली. रेल्वेचं आगाऊ आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडतं. मुलीकडचे बरेच जण मुंबई, ठाणे, डोंबिवलीचे. ते तुतारी एक्स्प्रेसने नाहीतर कोकणकन्येने सावंतवाडी किंवा कुडाळला उतरणार. कार्तिक वद्य पंचमीच्या 60 दिवस आधी म्हणजे बरोबर भाद्रपद वद्य पंचमीच्या आसपास, ऐन पितृपक्षात. मुलीच्या मोठ्या मामांनी सांगितलं, पितृपक्षात लग्नाचं काही करायचं नाही. तर्क लढवून त्यांना पटवण्यात अर्थ नव्हता. शेवटी मुलीच्या धाकट्या भावाने त्या सकाळी आठ वाजता बसून ‘कोकणात घरी जायची तिकिटं’ काढली, लग्नाचं नाव न काढता. मामांनीही विचारलं नाही. मला हे वागणं दोन्ही बाजूंनी शहाणपणाचं वाटलं.

गावातली बैठक

गणपतीत सगळे घरी होते तेव्हा विषय निघाला. बाबा गप्प होते. काका बोलले, आणि जे बोलले ते रास्त होतं. “घरातल्या शेवटच्या पोराचं लग्न. गावातल्या पन्नास लग्नांत आपण जेवलोय. आता गावाला पान वाढायचं नाही?” भाऊ म्हणाला, “नंतर रिसेप्शन ठेवू की.” काका म्हणाले, “ते जेवण झालं. लग्न कुठं झालं?”

यात दोघांचंही बरोबर होतं, म्हणून तोडगा निघेना. भावाला आणि तिला हजार लोकांसमोर स्टेजवर चार तास उभं राहायचं नव्हतं. ज्यांची नावं माहीत आहेत अशाच माणसांत लग्न लागावं ही त्यांची इच्छा होती आणि ती मला मनापासून पटत होती. पण आमच्या भागात लग्न हे दोन माणसांचं नसतं, देण्याघेण्याचं असतं. काकांनी ज्यांच्या पंगतीत वाढपी म्हणून पळापळ केली त्यांना आता ते काय सांगणार?

वाट आजीने काढली. ऐंशी पार केलेली, गुडघे गेलेले, पण डोकं तल्लख. तिने विचारलं, “देवक कुठं बसवायचं?” सगळे एकमेकांकडे बघायला लागले. त्याचा विचार कुणी केलाच नव्हता. रिसॉर्टच्या हॉलमध्ये कोपऱ्यात टेबल मांडून बसवू, असं भाऊ चाचरत म्हणाला. आजी म्हणाली, “देवक घरचं. घरात बसंल. मेढ हितंच रोवायची, हळद हितंच लागंल, गाव हितंच जेवंल. मग जायचं वऱ्हाड घिऊन. आमच्या वेळी वऱ्हाड तीन-तीन दिवस मुलीच्या गावी राहायचं, बैलगाडीनं जायचं. त्यात नवीन काय?”

या एका प्रश्नाने लग्नाचे सरळ दोन भाग पडले. मुहूर्तमेढ, देवक, हळद आणि गावजेवण आमच्या दारात, लग्नाच्या दोन दिवस आधी. कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी समुद्रावर. परत आल्यावर गृहप्रवेश, गोंधळ, सत्यनारायण पुन्हा घरी. गावाला मिळालं ते नंतरचं जेवण नव्हतं. लग्नातले निम्मे विधी त्यांच्यासमोर झाले. खर्च वाढला हे खरं, पण गावजेवणात पुरीभाजी, भात, आमटी, बुंदी एवढंच ठेवलं, वाढपी गावातलीच पोरं, मांडव शेजाऱ्यांच्या ओळखीतला.

आणि काकांचा प्रश्नही त्यातच सुटला. आमच्या घरची रीत अशी की देवक बसलं की उठेपर्यंत समई विझू द्यायची नाही, घरचं माणूस तिथे हवं. आजीने सगळ्यांदेखत काका-काकूंना सांगितलं, “देवक तुम्ही सांभाळायचं.” काकांना एरवीही फडावर थांबावं लागलंच असतं. पण उसासाठी लग्न चुकवलं असं म्हणण्याऐवजी आता देवकासाठी घरी राहिले असं झालं, आणि ते खोटं नव्हतं. आम्ही समुद्रावर होतो तेव्हा काकू दर दोन तासांनी समईत तेल घालत होत्या.

खोल्यांची यादी

रिसॉर्टच्या खोल्या मर्यादित. काही समुद्राकडे तोंड केलेल्या, बाकीच्या मागे, काजूच्या बागेकडे. भावाच्या एका मित्राने हौसेने एक तक्ता केला, कुणाला कुठली खोली, कोण कुणाबरोबर, आणि तो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. अर्ध्या तासात आत्याचा आईला फोन. मुलीच्या मावशीला समुद्राकडची खोली, मुलाच्या सख्ख्या आत्याला मागची, तीही जिने चढून.

आईने खोली बदलून द्यायची तयारी दाखवली. आत्या म्हणाली, “वहिनी, खोलीचं सोडा. मला कुणी बोलावलंय ते सांगा. मोबाइलवर एक चित्र आलं, त्यात घोडा हाय, नारळाचं झाड हाय. अक्षता कुठं हायत?”

माझ्या मते सगळ्या प्रकरणात हा सर्वांत मोलाचा फोन होता. बाहेरगावच्या लग्नात सगळं लवकर कळवायचं असतं म्हणून पत्रिकेची पीडीएफ चार महिने आधी फिरते, पाठोपाठ आधार कार्डाचा फोटो मागितला जातो, मग येणार की नाही ते कळवा, मग किती वाजता पोहोचणार. पाहुण्याला वाटतं आपण सहलीची नोंदणी करतोय. बोलावणं झालेलंच नसतं. आई आणि बाबा दुसऱ्या दिवशी आत्याकडे गेले, ओटी भरली, अक्षता दिल्या, छापील पत्रिकेवर कुंकू लावलं. मग पुढचे तीन रविवार त्यांनी जवळच्या प्रत्येक घरी जाऊन हेच केलं, येणाऱ्यांकडे आणि न येणाऱ्यांकडेही. पत्रिका गावच्या कार्यक्रमाची आणि वेंगुर्ल्याची अशी दोन्ही मिळून एकच छापली होती. कुणाला अर्धी, कुणाला पूर्ण असा भेद ठेवला नाही. कुठल्या कार्यक्रमाला जायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

खोल्यांचा तक्ता ग्रुपवरून काढला. वाटपाचं काम मी आणि मुलीच्या मावशीने घेतलं आणि नियम एकच ठेवला: वय आणि पायऱ्या. समुद्र कुणाला दिसतो हे शेवटी बघायचं. तळमजल्याच्या सगळ्या खोल्या साठीच्या पुढच्यांना. नवरा-नवरीचे मित्र सगळे मागे, वरच्या मजल्यावर, चौघं-चौघं. मुलीची मावशी स्वतःहून मागच्या खोलीत गेली. आत्या तळमजल्यावर आली, आणि तिच्या शेजारची खोली मुद्दाम त्याच मावशीला दिली असती तर बरं झालं असतं, असं तिनेच नंतर बोलून दाखवलं.

पैशांचं इथेच सांगून टाकते. एका खोलीचे दोन रात्रींचे बारा हजार होत होते. माझा आत्येभाऊ शाळेची व्हॅन चालवतो, घरी चार माणसं. त्याला बारा हजार आणि वर प्रवास असं सांगायचं म्हणजे येऊ नको असंच सांगण्यासारखं. त्यामुळे राहणं आणि जेवण यजमानांकडे, दोन्ही घरांनी माणसांच्या प्रमाणात वाटून घ्यायचं. आमच्याकडच्या सगळ्यांचा गाडीखर्च बाबांनी केला, श्रीमंत-गरीब न बघता, कारण काहींचाच केला तर ज्यांचा केला त्यांना ते लागतं. आहेर घ्यायचा नाही असं ठरलं. भावाने स्वतःच्या लग्नाचा घोडा, फटाके आणि ड्रोनचं चित्रीकरण काढून टाकलं तेव्हा हिशेब बसला.

आजीचा प्रवास

आजी येणार की नाही हा प्रश्न कुणी उघड विचारत नव्हतं. रिसॉर्टवाले म्हणाले, ग्राउंड फ्लोअरची रूम आहे, काही अडचण नाही. मी भावाला सांगितलं, पुढच्या वेळी जाशील तेव्हा गाडीचं दार उघडल्यापासून पलंगावर बसेपर्यंत सलग व्हिडिओ काढ, कुठेही थांबवू नकोस. त्याने काढला. त्यात दिसलं की तळमजला चांगला उंच जोत्यावर होता, पाच पायऱ्या, कठडा नाही. वाटेवर जांभ्याचे चिरे, त्यांच्या फटींत बारीक खडी. खोलीत गेल्यावर बाथरूमला सहा-सात इंचांचा उंबरा, आत गुळगुळीत फरशी, कमोड बुटका, धरायला काही नाही. ‘काही अडचण नाही’ म्हणणारा माणूस खोटं बोलत नव्हता. त्याने ती वाट कधी ऐंशी वर्षांच्या गुडघ्यांनी चालून बघितली नव्हती, इतकंच. ज्यांच्याकडे वयस्कर माणूस आहे त्यांनी असा व्हिडिओ मागवल्याशिवाय आगाऊ पैसे भरू नयेत.

मग मुलीच्या आईने सुचवलं, आजींना आमच्या आजोळच्या घरी ठेवा. तिथे तिच्या वडिलांच्या शेवटच्या दुखण्यात खोलीला लागूनच संडास-बाथरूम बांधलेलं, भिंतीत दोन्ही बाजूंना दांड्या बसवलेल्या, अंगणातून पडवीत चढायला उतार. बाबा अवघडले. लग्न लागायच्या आधी मुलाकडचं मोठं माणूस मुलीच्या आजोळी उतरणार, हे त्यांना बरं दिसेना. आजीला विचारलं. ती म्हणाली, “दांड्या हायत न्हवं? मग झालं.”

प्रवास मोडून केला. आजी गावातली हळद संपताच दुपारी निघाली, कोल्हापुरात माझ्याकडे मुक्काम. सकाळी सात वाजता छोट्या गाडीने आजरा, आंबोली, सावंतवाडी असं निवांत. घाटाच्या आधी पोटभर खाऊ द्यायचं नाही, दर दीड तासाने उतरून दहा पावलं चालवायचं, पाय सुजू नयेत म्हणून डॉक्टरांनी सांगितलेले मोजे घालायचे. औषधं दोन वेगवेगळ्या पिशव्यांत, कारण एक पिशवी विसरतेच. सावंतवाडीचं उपजिल्हा रुग्णालय किती अंतरावर, मोठं काही झालं तर बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेज, जसं सिंधुदुर्गातले लोक जातात, हे सगळं कागदावर लिहून चालकाकडे आणि माझ्याकडे. यातलं काही लागलं नाही.

बाकीचं वऱ्हाड पहाटे गावातून टेम्पो ट्रॅव्हलरने निघालं. मोठी बस स्वस्त पडत होती, पण आंबोलीच्या वळणांवर मागच्या सीटवरच्यांचे हाल होतात. आणि एकाला उतरायचं असलं की पन्नास जण खोळंबतात.

नवरदेवाची उष्टी हळद नवरीला लावायची, ही रीत. एरवी ती चार गल्ल्या ओलांडून जाते, इथे आंबोली उतरून जायची होती. करवली म्हणून ती माझ्याकडे. काकूंनी पाट्यावर वाटलेली हळद, तिच्यात थोडं तेल, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घातली, वरून ओलं फडकं बांधलं आणि मला बजावलं, “खाली ठिवायचा न्हाई.” कोल्हापुरात रात्री तो देवघरात ठेवला. घाटात एका वळणावर डबा कलला आणि कडेने पिवळी रेघ माझ्या साडीच्या निऱ्यांवर उतरली. आजी मागच्या सीटवरून म्हणाली, “असू दे, शुभ हाय.” पोहोचल्या-पोहोचल्या दुपारी आजोळच्या अंगणात त्याच हळदीने नवरीची हळद झाली. गावातल्या ज्या बायका येऊ शकल्या नव्हत्या त्यांचेच हात त्या हळदीला लागलेले होते. आत्याने हे मोठ्याने सांगितलं, आणि अंगणात बसलेल्या मुलीकडच्या बायकांनी प्रत्येकीचं नाव विचारून घेतलं.

वाळू आणि भरती

सजावटवाला बाहेरून आलेला. त्याचं चित्र तयार होतं: वाळूवर चार खांब, पांढरे पडदे, मागे समुद्र. सकाळपासून खांब रोवायचे, संध्याकाळी सहाला मुहूर्त. महिनाभर आधी जागा बघायला आलेला असताना नवरीचे आजोळचे मामा त्याच्याबरोबर किनाऱ्यावर गेले. त्यांनी विचारलं, “त्या दिवशी तिथी कुठची? पंचमी. पाच त्रिक पंधरा, त्याचा चौथा भाग पावणेचार. पावणेचारला पूर्ण भरती. तुझे खांब खंय उभे रवतले?”

तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरच्या माणसांचा रोजचा हिशेब आहे. पौर्णिमेला सव्वाअकरा, पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. रोज भरती पाऊण-एक तासाने पुढे सरकते. पौर्णिमा-अमावस्येला उधाणाची भरती, पाणी वर चढतं. अष्टमीला भांगाची, म्हणजे कमी. पंचमी अधलीमधली. सहा वाजेपर्यंत पाणी मागे हटलं असतं, पण सकाळी उभारलेला मांडव तोवर भिजून गेला असता आणि वाळू पायाखाली खचली असती. त्यावर शालू नेसलेली नवरी, सोवळ्यातले गुरुजी, होमकुंड.

शिवाय ऋतूचा भरवसा नसतो. आपल्याला वाटतं पाऊस गेला, पण पावसाळ्यानंतरही अरबी समुद्रात वादळं उठतात. 2009 मध्ये फयान नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कोकण किनाऱ्यावर आलं होतं. 2019 मध्ये ऑक्टोबरअखेरीस क्यार किनाऱ्यापासून लांबून गेलं तरी कापणीला आलेलं भात आडवं करून गेलं. मामांना दोन्ही आठवत होती.

म्हणून मांडव किनाऱ्याच्या वरच्या अंगाला, माडांच्या बागेत घातला. समुद्र तिथूनही दिसतो. आजोळच्या खळ्यावर पत्र्याची शेड आधीपासून होती, पाऊस आलाच तर होम तिथे हलवायचा असं ठरवून ती जागा शेणाने सारवून तयार ठेवली. आणि माणूस चढवून मांडवावरच्या प्रत्येक माडाचे नारळ आणि सुकलेल्या झावळ्या उतरवून घेतल्या. शहरातून येणाऱ्या आखणीकाराच्या यादीत हे नसतं. माडाखाली माणसं बसवायची तर हे पहिलं काम.

ध्वनिक्षेपकाला रात्री दहाला बंदी आहे. भावाच्या मित्रांना ते आधीच सांगितलेलं होतं, त्यामुळे नाचगाणं साडेसातला सुरू होऊन वेळेत संपलं. त्यानंतर कुणीतरी पेटी मागवली. माझी आत्या माळकरी, नुकतीच कार्तिकीची वारी करून आलेली. मुलीकडचे एक काका दशावतारात कधीकाळी काम केलेले. दोघांनी मिळून रात्री एकपर्यंत अभंग आणि नाट्यपदं म्हटली. आमच्याकडची पोरं जी एरवी अशा बैठकीला पाच मिनिटं बसत नाहीत ती कुठे जाणार? गावात असती तर घरी गेली असती. इथे सगळेच मुक्कामाला होते, म्हणून बसली, आणि मग उठलीच नाहीत. दोन रात्रींच्या मुक्कामाचं खरं देणं हे आहे. हॉलमधल्या लग्नात पाहुणा अक्षता टाकतो, जेवतो, पाकीट देतो, जातो. इथे सकाळी दात घासताना कोण कुणाचा कोण हे विचारायला वेळ होता. माझ्या मुलीला तिच्या मामे-मावस भावंडांची नावं आता पाठ आहेत. आधी तिला फक्त चेहरे माहीत होते, तेही फोनवरचे.

लग्न आणि नंतर

लग्न मुहूर्तावर लागलं. मंगलाष्टकं चालू असताना मी फोन काकांना लावून ठेवला होता, त्यांनी तिकडे देवकापाशी उभं राहून अक्षता टाकल्या. आजी खुर्चीत, शेजारी नवरीची आजी. दोघी आदल्या संध्याकाळपासून एका खोलीत होत्या. दोघींचं बोलणं सगळं एकमेकींना कळत होतं असं नाही, एकीची भाषा घाटावरची, एकीची मालवणी, पण कुणाला काय दुखतं आणि कुणाची सून कशी हे पूर्ण देऊन-घेऊन झालं होतं.

नोंदणीबद्दल एक सांगते, कारण बाहेरगावी लग्न लावणारे इथे हमखास अडकतात. महाराष्ट्रात लग्नाची नोंदणी 90 दिवसांच्या आत करायची असते आणि त्या अर्जावर तीन साक्षीदारांच्या आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींच्या सह्या लागतात. गुरुजी वेंगुर्ल्याचे, साक्षीदार तीन गावचे. आम्ही अर्ज छापूनच नेला होता. होम शांत झाल्यावर, जेवणाआधी, सगळ्यांच्या सह्या आणि ओळखपत्रांच्या प्रती तिथेच घेतल्या. नंतर एकेकाला शोधत फिरावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी मासे झाले. आत्यासाठी आणि इतर माळकऱ्यांसाठी वेगळी चूल, वेगळी भांडी, वेगळी पंगत, आणि ती पंगत आधी बसवली. आत्याचं समाधान झालं असं मी म्हणेन, जरी परतीच्या गाडीत तिने पहिल्या तक्त्याची आठवण एकदा काढलीच.

सगळं जुळून आलं असं नाही. बाबांचे एक चुलतभाऊ गावजेवणालाही आले नाहीत. लग्न दाराबाहेर नेलं हे त्यांना मान्य नव्हतं आणि अजूनही नाही. आई-बाबा अक्षता घेऊन गेले तेव्हा त्यांनी पाणी दिलं, बोलले नाहीत. आमच्या आखणीत त्यांच्यासाठी काही उपाय नव्हता, आणि असा उपाय असतो असं मला वाटतही नाही. बाबांना त्याचं दुःख आहे. भाऊ आणि वहिनी गोंधळानंतर त्यांच्या पाया पडायला गेले, तेव्हा त्यांनी नवीन सुनेच्या हातावर पाचशे रुपये ठेवले आणि आत निघून गेले.

वऱ्हाड परतलं त्या दिवशी काकांच्या फडात टोळी आली होती. नवरा-नवरी उंबरठ्यावरचं माप ओलांडून घरात आली, देवक उठवायला काका लागणार, आणि काका फडावर. मग भाऊच गेला, मुंडावळ्या काढून, पॅन्ट वर दुमडून, शेवटची गाडी भरेपर्यंत थांबला आणि त्यांना मोटरसायकलवर मागे बसवून घेऊन आला. काकांनी हातपाय धुतले आणि देवक उठवलं. जेवताना ते एवढंच म्हणाले, की त्यांच्या मुलीच्या वेळी तारीख काढायला बसाल तेव्हा पंचांगाबरोबर कारखान्याचा तोडणी कार्यक्रमही समोर ठेवा. तिचं स्थळ जवळजवळ पक्कं झालं आहे, मुलाकडचे नाशिकचे आहेत. मुहूर्त वैशाखातला बघतो आहोत, हंगाम संपल्यावर.